यांची गोळी बंद करून ही कॅप्सूल चालेल का?

वाचकाचं पत्र: "माझे यजमान ५८ वर्षांचे आहेत. ८ महिन्यांपूर्वी त्यांना स्टेंट टाकला. तेव्हापासून रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या आणि रात्री कोलेस्टेरॉलची अटोर्वास्टॅटिन चालू आहे. मध्यंतरी त्यांच्या वाचनात आलं की हळदीच्या कंदातलं कर्क्युमिन रक्तवाहिन्यांच्या पेशींमधला दाह मुळातच थांबवतं. लगेच कॅप्सूल मागवल्या. त्यात मिरीचा अर्कही आहे. आता म्हणतात, मांड्या दुखतात त्या कोलेस्टेरॉलच्या गोळीने. ती बंद करतो, कॅप्सूल चालू ठेवतो, वनस्पतीचं आहे, अपाय कसला? रक्तातला दाह दाखवणारा सीआरपी ३.४ आला आहे. ते विज्ञान शिकलेले, त्यामुळे माझं ऐकत नाहीत. खरं काय ते सांगा."

ताई,

आधी उत्तर, मग पुराण. रात्रीची गोळी बंद करू देऊ नका. रक्त पातळ करायच्या गोळ्यांना तर हातही लावायचा नाही. त्या आपल्या मनाने सोडल्या तर स्टेंटच्या आतच गुठळी धरते आणि मग हातात वेळ फार थोडा उरतो. कॅप्सूल मात्र आजपासून थांबवा, निदान डॉक्टरांनी बाटली पाहेपर्यंत तरी.

आता पुराण. ते यजमानांना वाचायला द्या, कारण त्यांनी जे वाचलं ते थाप नाही. मी बरीच वर्षं नेमके हेच प्रयोग करण्यात घालवली आहेत. त्यामुळे "काही नसतं हो त्यात" असं म्हणून त्यांना झटकून टाकायचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही.

रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नव्हे. तिला आतून एक अस्तर असतं, एकाच पेशीच्या जाडीचं. हे अस्तर काय करतं हे कळायलाही १९८० साल उजाडावं लागलं. रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत सशाच्या महाधमनीचे तुकडे एका रसायनाने सैल पडायला हवे होते, पण कधी पडत, कधी उलट आवळत. शेवटी लक्षात आलं की तुकडे कापताना आतली बाजू घासली गेली की अस्तर निघून जातं आणि अस्तर गेलं की वाहिनीला सैल व्हायचं कळतच नाही. अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि त्याने वाहिनी फुलते, हा उलगडा पुढे झाला. त्याला १९९८ चं नोबेल मिळालं. कापण्यातल्या ढिसाळपणातून एवढं मोठं काही हाती लागतं, हे आठवलं की मला माझ्या चुकांबद्दल जरा कमी वाईट वाटतं.

हे अस्तर शांत असतं तेव्हा त्याला काही चिकटत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वरून सरळ निघून जातात. पण दाहाचा निरोप आला की चित्र पालटतं. निरोप आणणाऱ्या रेणूंपैकी एकाचं नाव टीएनएफ-अल्फा. तो पेशीच्या दारावर थाप मारतो. आत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन बसलेलं असतं, पायात बेडी घातलेलं. बेडीचं नाव आय-कप्पा-बी. थाप पडली की एक विकर (एन्झाइम) त्या बेडीवर फॉस्फेटची खूण करतं, खूण झालेली बेडी पेशी स्वतःच मोडीत काढते आणि मोकळं झालेलं एनएफ-कप्पा-बी थेट केंद्रकात शिरतं. तिथे ते कुठली जनुकं चालू करतं? पृष्ठभागावर आकडे उभारणारी. व्हीकॅम-१, आयकॅम-१, ई-सिलेक्टिन हे ते आकडे. शिवाय "इकडे या" म्हणून पांढऱ्या पेशींना बोलावणारे रेणूही बनायला लागतात. जाणाऱ्या पेशी आकड्यांना अडकतात, अस्तराच्या सांध्यांतून आत घुसतात, तिथे साचलेलं ऑक्सिडीकृत कोलेस्टेरॉल खात सुटतात आणि फुगून तिथेच बसतात. धमनीतला थर असा वाढतो. यजमानांच्या स्टेंटच्या जागी वर्षानुवर्षं हेच झालं असणार.

आता प्रयोग कसा होतो ते सांगते. बाळंतपणानंतर टाकून द्यायच्या नाळेतल्या शिरेत एक विकर भरायचं, थोडा वेळ थांबायचं आणि सुटून आलेल्या अस्तराच्या पेशी डिशमध्ये वाढवायच्या. ही पद्धत १९७३ पासून रुळली आहे. काही दिवसांत डिशचा तळ भरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फरशी बसवल्यासारख्या एकमेकींना खेटून दिसतात. मग त्यांच्यावर टीएनएफ टाकायचं, काही तास थांबायचं आणि हिरव्या चमकत्या रंगाने रंगवलेल्या पांढऱ्या पेशी वरून सोडायच्या. थोड्या वेळाने हलक्या हाताने धुऊन काढायचं. टीएनएफ न लावलेल्या डिशमध्ये धुतल्यावर इकडे एक, तिकडे एक ठिपका उरतो. टीएनएफ लावलेल्या डिशमध्ये हिरव्या ठिपक्यांचा सडा पडलेला असतो. आणि आधी कर्क्युमिन देऊन मग टीएनएफ लावलेल्या डिशमध्ये सडा नाही, पुन्हा तुरळक ठिपके. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून शेजारच्या खोलीतल्यांना बोलावून आणलं होतं. तुमचे यजमान भारावले यात नवल नाही, मीही भारावले होते.

कारणही सापडलेलं आहे. कर्क्युमिन त्या खूण करणाऱ्या विकराच्या कामात आडवं येतं. बेडी तुटत नाही, एनएफ-कप्पा-बी केंद्रकात पोचत नाही, आकडे उभे राहत नाहीत. १९९५ पासून हे वेगवेगळ्या पेशींत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आणि हे काही एकट्या कर्क्युमिनचं कौतुक नाही. विलोच्या सालीतल्या द्रव्यावरून ज्याचा शोध लागला त्या सॅलिसिलेटचीही एनएफ-कप्पा-बीवर अशीच कुरघोडी चालते, हे १९९४ मध्ये कळलं होतं. वनस्पतींतल्या अशा रेणूंची यादी लांबलचक आहे.

तर मग अडतं कुठे?

आधी माझीच फजिती सांगते. एकदा कर्क्युमिनच्या डिशमधला हिरवा उजेड यंत्राने मोजला, तर आकडे काही केल्या जुळेनात. डोळ्यांना ठिपके कमी दिसत होते आणि यंत्र म्हणत होतं, उजेड भरपूर. दोन आठवडे आम्ही यंत्राला दोष दिला. मग कुणाला तरी सुचलं, पांढऱ्या पेशी न घालता नुसतं कर्क्युमिन ठेवून मोजूया. डिश आपोआपच चमकत होती! कर्क्युमिन मुळात पिवळा रंग. निळसर प्रकाश पडला की तो स्वतःच हिरवट उजेड फेकतो. शिवाय हा रेणू भलत्याच प्रथिनांना चिकटतो आणि द्रावणात टिकतही नाही. शरीरात असते तेवढ्या आम्लतेच्या साध्या द्रावणात, ३७ अंश तापमानाला, अर्ध्या तासात त्याचा बहुतेक भाग मोडून जातो. औषधं शोधणाऱ्या रसायनतज्ज्ञांकडे अशा रेणूंसाठी एक वेगळी काळी यादीच आहे: जवळजवळ प्रत्येक चाचणीत "काम करतो" असं भासवणारे रेणू. कर्क्युमिन त्या यादीत आहे. २०१७ मधल्या एका गाजलेल्या समीक्षालेखाने १२० हून जास्त मानवी चाचण्यांचा धांडोळा घेऊन म्हटलं की दोन्ही बाजू अंधारात ठेवून, खोट्या गोळीशी तुलना करून केलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही. काहींना हा निकाल फार कडक वाटला आणि त्यांनी तसं लिहिलंही. मलाही थोडा कडक वाटतो, कारण वाहिनी फुलण्याची क्षमता किंचित सुधारल्याचं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. पण हार्ट अटॅक कमी झाले असं दाखवणारी एकही मोठी चाचणी नाही. तुम्हाला, मला आणि यजमानांना हवं आहे ते हेच, नाही का?

खरी मेख आहे प्रवासात. डिशमध्ये आम्ही कर्क्युमिन थेट पेशींच्या अंगावर ओततो, बहुधा १० ते २० मायक्रोमोलर (द्रावणात रेणू किती दाट आहेत ते मोजायचं एकक). कॅप्सूलमधलं कर्क्युमिन पोटात जातं, आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं, आणि जे शोषलं जातं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत मिळून साखरेचं किंवा गंधकाचं शेपूट लावून बाहेरचा रस्ता दाखवतात. एका चाचणीत रुग्णांना रोज ८ ग्रॅम, म्हणजे ८००० मिलीग्रॅम दिलं, तेव्हा रक्तातली सर्वोच्च पातळी सरासरी १.८ मायक्रोमोलरच्या आत राहिली. डिशमध्ये आम्ही वापरतो त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी, आणि तीही थोडा वेळच. बाटलीवरची मात्रा यजमानांनाच वाचायला सांगा आणि हिशेबही त्यांनाच करू द्या. विज्ञान शिकलेल्या माणसाला आकडा स्वतः काढू दिला की आपण काही बोलावं लागत नाही.

ते म्हणतील, म्हणूनच तर मिरीचा अर्क घातलाय. बरोबर. १९९८ साली एक प्रयोग झाला: २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं पायपरीन २० मिलीग्रॅम दिलं, तर शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. हा आकडा जाहिरातींतून आजतागायत मिरवतो आहे. पण जवळजवळ शून्याला वीसने गुणलं तर किती येतात? त्या प्रयोगात नुसतं कर्क्युमिन दिल्यावर रक्तात ते सापडतच नव्हतं किंवा अगदी नावापुरतं होतं.

आणि इथे मला तुमच्या यजमानांच्या मांड्या आठवतात.

पायपरीन कर्क्युमिनला वाचवतं कसं? यकृताच्या साफसफाईच्या यंत्रणेत खोडा घालून. पण यंत्रणा काही एकट्या कर्क्युमिनची नाही. सीवायपी-३ए४ नावाचं एक विकर आहे, ते अनेक औषधं मोडतं. पायपरीन त्यालाही अडवतं, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. आणि अटोर्वास्टॅटिन मोडायचं काम बऱ्याच अंशी त्याच विकराकडे आहे. ते अडलं की गोळी तेवढीच, पण रक्तातली तिची पातळी चढते, आणि पातळी चढली की स्नायू दुखायची शक्यता वाढते. यजमानांच्या बाबतीत असंच झालंय असं मी म्हणत नाही. मला एवढंच विचारायचं आहे: गोळी ८ महिने चालू आहे, कॅप्सूल अलीकडची. मांड्या नेमक्या कधीपासून दुखतात? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही. कॅप्सूल मागवल्याची तारीख तुम्हाला मोबाइलमध्ये सापडेल. दुखण्याचीही आठवून लिहा. दुखणं आधीचं की नंतरचं यावर डॉक्टरांचा पुढचा निर्णय बराचसा ठरेल.

दुखणं आधीपासूनचं असलं तरी गोळी सोडणं हा पहिला उपाय नव्हे. डॉक्टर स्नायूंना इजा झाली आहे का ते दाखवणारी सीके नावाची रक्ततपासणी करतील, मात्रा कमी करतील, नाहीतर याच जातीची दुसरी गोळी देतील, जी मोडायला हे विकर लागत नाही. २०२० मध्ये एक सुरेख चाचणी झाली. त्रास होतो म्हणून स्टॅटिन, म्हणजे अटोर्वास्टॅटिनच्या जातीची गोळी, सोडलेले ६० जण घेतले आणि प्रत्येकाला वर्षभर महिन्यामहिन्याच्या बाटल्या दिल्या: ४ महिने खरी गोळी, ४ महिने खोटी, ४ महिने काहीच नाही. खऱ्या गोळीवर लोकांना जेवढा त्रास झाला, त्यातला ९० टक्के खोट्या गोळीवरही झाला. दुखणं खोटं होतं असं कृपया यजमानांना ऐकवू नका. माणसाला खरोखर दुखतं. फक्त गुन्हेगार दरवेळी गोळीच असते असं नाही. हिशेब समजल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

सीआरपीबद्दल थोडक्यात. हृदयासाठी करतात ती संवेदनशील तपासणी असेल तर १ च्या खाली उत्तम, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, असं ढोबळ मानतात. ३.४ ने घाबरायचं कारण नाही. सर्दी, दातदुखी, गुडघ्याचं दुखणं, कशानेही हा आकडा हलतो, म्हणून दोनेक आठवड्यांनी पुन्हा बघतात. पण गंमत पुढे आहे. २००८ मध्ये एक प्रचंड चाचणी जाहीर झाली, १७,८०२ लोकांची. त्यांचं कोलेस्टेरॉल फारसं वाढलेलं नव्हतं, पण सीआरपी २ किंवा त्याहून जास्त होता. निम्म्यांना रोसुवास्टॅटिन दिली. त्यांचा सीआरपी ३७ टक्क्यांनी उतरला आणि हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे मिळून मोजलेल्या घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे दाहावरचं औषध हवं म्हणून यजमान जी गोळी सोडायला निघालेत, त्याच जातीची गोळी दाह उतरवताना आणि हार्ट अटॅक टाळताना हजारो माणसांत मोजली गेली आहे. त्यांना एवढा एक परिच्छेद वाचून दाखवलात तरी चालेल.

आता "अपाय कसला?" याचं उत्तर. २०१८ मध्ये कॅनडातल्या १० रुग्णालयांत पोटातल्या महाधमनीच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ६०६ रुग्णांवर नेमका हाच विचार तपासला गेला: दाह होणार हे माहीत आहे, तर आधीच कर्क्युमिन देऊन तो दाबूया. ४ दिवसांत २००० मिलीग्रॅमच्या ८ मात्रा. सीआरपीत फरक पडला नाही, हृदयाच्या इजेतही नाही. मूत्रपिंडाला एकाएकी इजा झालेले मात्र कर्क्युमिन घेणाऱ्यांत १७ टक्के निघाले, खोटी गोळी घेणाऱ्यांत १० टक्के. दुसरी गोष्ट यकृताची. औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांमुळे अशी इजा झालेले १० रुग्ण तपशिलात मांडले. एक दगावला. दहांपैकी ७ जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली, म्हणजे काहींचं यकृतच याला वाकडं असतं, आणि कुणाचं ते आधी कळायला मार्ग नाही. असे रुग्ण विरळाच. पण लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज सुटणं, यातलं काही गेल्या महिन्यात झालं असेल तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका. शिवाय कर्क्युमिन गुठळी धरणाऱ्या रक्तकणिकांचं (प्लेटलेट्सचं) एकमेकींना चिकटणंही थोडं कमी करतं असं प्रयोगशाळेत दिसतं. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या आधीच चालू असलेल्या माणसाला ही भर कशाला?

वनस्पतीचं म्हणून सौम्य, हे गणित मला कधीच पटलं नाही, आणि वनस्पतीचं म्हणून निरुपयोगी, हेही नाही. कर्क्युमिन पहिल्यांदा वेगळं काढलं १८१५ मध्ये, व्होगेल आणि पेलेतिए या दोघांनी. त्याच पेलेतिए यांनी पाच वर्षांनी, १८२० मध्ये, काव्हाँतू यांच्याबरोबर कोल्चिकम नावाच्या फुलझाडाच्या कंदातून आणखी एक द्रव्य काढलं: कोल्चिसिन. आपल्या कळलावीतही ते असतं. गाउट या सांधेदुखीवर त्याचा वापर फार जुना. तेही दाहच दाबतं, पण दुसऱ्या वाटेने: पेशींच्या आतल्या सूक्ष्म नलिकांना बांधून घेतं, त्यामुळे पांढऱ्या पेशींना हलणं, चिकटणं, दाहाचे रेणू सोडणं जड जातं. हे द्रव्य तोंडाने घेतलं की रक्तात पोचतं, आणि म्हणून त्याची खरी परीक्षा होऊ शकली. २०१९ मध्ये हार्ट अटॅक नुकताच येऊन गेलेल्या ४७४५ रुग्णांत रोज अर्धा मिलीग्रॅम दिल्यावर पुढच्या घटना ७.१ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आल्या. २०२० मध्ये जुना हृदयविकार असलेल्या ५५२२ रुग्णांत ९.६ वरून ६.८ वर. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्याला हृदयरोगासाठी मान्यता दिली. आणि लगेच २०२४ मध्ये ७०६२ रुग्णांच्या चाचणीने पाणी ओतलं: ९.३ विरुद्ध ९.१, म्हणजे फरक नाहीच. वाद चालू आहे.

हे एवढं सांगितलं म्हणजे यजमान उद्या कोल्चिसिन मागवतील अशी धास्ती वाटते, म्हणून स्पष्ट लिहिते: त्याची औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा काही प्रतिजैविकं चालू असतील तर जिवावर बेततं. कळलावीचा कंद पोटात जाऊन माणसं मेलेली आहेत. यजमानांना ते द्यायचं की नाही हा प्रश्न हृदयरोगतज्ज्ञांना विचारण्यासारखा जरूर आहे, पण फक्त त्यांनाच.

भेटीला जाताना तीन गोष्टी न्या: चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, कॅप्सूलची बाटली आणि तारखांची ती चिठ्ठी. बाटली पिशवीच्या तळाशी ठेवून शेवटी "आणि हेही थोडं घेतो" असं पुटपुटायचं नाही, सगळ्यात आधी टेबलावर ठेवायची. सीके आणि यकृताच्या तपासण्या आत्ता करायच्या का, ते विचारा. सीआरपी पुन्हा केव्हा, तेही.

रिपोर्ट आले की मला कळवा. सोबत बाटलीच्या लेबलचा फोटो पाठवलात तर बरं होईल. पुढचा नको, मागच्या बाजूचा, जिथे बारीक अक्षरात पायपरीनचे मिलीग्रॅम छापलेले असतात.